एकोणिसावं प्रकरण

३ फेब्रुवारी

ही वही धुलाईखान्यातली आहे. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेत: कापड, डाग, निघाला की नाही. मी रकान्यांवरून आडवं लिहिणार. सहावीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, तुला रेघेत लिहिता येत नाही. नाही येत. काय करायचं ते करा.

लिहायचं कारण असं, की आजपासून मी दिग्दर्शक आहे. बायकोच्या कादंबरीची फिल्म करतोय. प्रेमाची कादंबरी आहे, दोनशे बारा पानांची, वर तिचं नाव. इथे सगळ्यांना दाखवून झाली. वाचलेली मात्र नाही. दोनशे बारा पानं म्हणजे मला वर्ष जाईल. म्हणून तिने एकेक प्रकरण स्वतः वाचून, आवाज भरून फोनवर पाठवलं. एकोणीस प्रकरणं. मी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर चादरी सोडता सोडता कानात घालून ऐकली. अठरा ऐकली. एकोणिसावं आलं त्या दिवशी डबल पाळी होती, मग राहूनच गेलं. ऐकायचं तरी काय? नायक लांब कामाला गेलाय, नायिका घरी आहे. तो परत येतो, ती दारात उभी असते. नायक म्हणजे मीच. तो परत येणार की नाही हे मला विचारा ना.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथल्या हॉलमध्ये कामगारांचा कार्यक्रम असतो. सुपरवायझर म्हणाला, दाखव तुझी फिल्म, पण घरच्या माणसांनी बघण्यासारखी पाहिजे. गोड. म्हटलं, साखर कमी पडली तर सांगा.

काम असं ठरलंय. माझे सीन इथे, लंबू शूट करणार. लंबू म्हणजे माझा रोलरवरचा जोडीदार, चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं. तिचे सीन ती घरी करणार, फोन कुठेतरी टेकवून. मग मी जोडणार. नायक आणि नायिका अख्ख्या फिल्मभर एका चौकटीत नाहीत. लंबू म्हणतो, ही कसली प्रेमकथा? म्हटलं, लग्न झालेल्यांची.

७ फेब्रुवारी

पहिलं भांडण.

मी सांगितलं होतं, नायक गेल्यावर नायिका रडते. बाईंनी पाठवलं काय, तर ती भांडी घासतेय. तीन मिनिटं. तवा, पातेलं, पुन्हा तवा.

"रडायचं होतं," मी म्हटलं.

"रडलेय ना."

"कुठे? तू तर भांडी घासतेयस."

"बायका भांडी घासतानाच रडतात. हातातलं टाकून रडायला वेळ कोणाला असतो?"

"अगं, पण दिसायला नको का?"

"ज्याला दिसायचं त्याला दिसेल."

चित्र मोठं करून बघितलं. मला नाही दिसलं. तिने लेखन करावं, सिनेमा माझ्यावर सोडावा. तिला काही सांगितलं की तिचं एकच, "प्रकरण सातमध्ये काय लिहिलंय?" लिहिलंय ते लिहिलंय, सिनेमाची गोष्ट वेगळी. आजवर मी फिल्म केलेली नाही, पण तिने तरी कुठे केलीय?

१२ फेब्रुवारी

आठवणीचा सीन घेतला. नायक-नायिका वाळत घातलेल्या चादरींमधून एकमेकांना शोधतात. इथे चादरींना काय तोटा, तीन हॉटेलं आणि एका हॉस्पिटलचं कापड रोज येतं. नायिका तर घरी. म्हणून लंबूच्या डोक्यावरून चादर घेतली, पलीकडून उजेड टाकला आणि सावलीच घेतली. सुंदर आलं. मी हात पुढे केला, सावलीनेही केला. घडी घालणाऱ्या बायका काम सोडून बघत होत्या.

बायकोचा निरोप आला: "माझ्या नायिकेला मिशा आहेत."

पुन्हा बघितलं. आहेत. लंबू काढायला तयार नाही. म्हणतो, मिशा माझ्या लग्नाआधीच्या आहेत. सीन तसाच ठेवणार. एवढं बारीक कोण बघतं?

१८ फेब्रुवारी

चौदाव्या प्रकरणावरून दोन दिवस वाजलंय. त्यात असं आहे: नायिका माडीवरच्या खोलीत खिडकीशी टेबलावर लिहीत बसते. एक दिवस बाहेरून येते तर टेबल जिन्याखाली उभं केलेलं आणि खिडकीशी जावेचं शिलाई मशीन. कोणी तिला काही विचारलेलं नाही, कोणी तिच्याशी भांडलेलंही नाही. जेवायला हाक मारतात, ती खाली जाऊन जेवते. बस, एवढंच प्रकरण.

मी म्हटलं, हे कापू. यात घडतं काय?

"टेबल जातं," ती म्हणाली.

"अगं, टेबल ते. लाकडाचं. नायक-नायिकेच्या प्रेमात टेबलाचं काय काम?"

"तू होतास तेव्हा कुठे होतं ते?"

"कोण मी? मी फिल्मचं विचारतोय."

"मीही फिल्मचंच सांगतेय. टेबल राहील."

"नाही राहणार."

"मग मी पुढचं काही पाठवणार नाही."

दिग्दर्शकाला असं कोणी बोलतं? मीही फोन ठेवला. मागून तिने सीन पाठवलाच. आमच्याच घरातला जिना, त्याच्याखाली टेबल उभं करून ठेवलंय, चारही पाय भिंतीकडे. वर खिडकीशी वहिनीचं मशीन. सजावट मात्र हुबेहूब केलीय, धूळसुद्धा बसलीय. एवढी मेहनत घेतली म्हणून वाईट वाटलं, पण कापलं. फिल्म लांबते.

२६ फेब्रुवारी

शेवटचा शॉट मागितला. दार, नायिका, बस्स. संध्याकाळी ती आधी फोनवर आली.

"एकोणिसावं ऐकलंस?"

"हो गं."

"नीट ऐकलंस?"

"नीट म्हणजे? ऐकलं."

"मग?"

"मग काय, छान आहे. एकदम जमलंय."

 मी दाराचा शॉट सांगायला लागलो.

"छान?" ती म्हणाली. "तुझी काही हरकत नाही?"

"हरकत कसली? माझ्या मनातलं लिहिलंस. शेवट असाच पाहिजे."

 नाक ओढल्याचा आवाज. "मला वाटलं होतं तू भांडशील," म्हणाली. "किती दिवस मी तयारी करत होते भांडायची."

म्हटलं बघा, अख्ख्या फिल्मभर रडली नाही आणि आता रडतेय, कॅमेरा नसताना. पण भांडण मिटलं ते बरं झालं. खोटं बोललो हे खरं. पण एका प्रकरणाने काय बिघडतं?

१ मार्च

शेवटचा शॉट आला आणि सगळा चुकीचा आला.

फोन जिन्याच्या पायथ्याशी ठेवलाय. वर आमच्या खोलीचं दार. ती बाहेर येते, दार ओढते, कुलूप लावते. हातात बॅग आणि दोरीने बांधलेली पुस्तकं. एकेक पायरी खाली उतरते, सरळ कॅमेऱ्याकडे येते, हात पुढे करते आणि अंधार. फोन उचलला असणार.

मी दार उघडायला सांगितलं होतं, हिने बंद केलं. कुलूप पण नवीन. आपलं जुनं कुठे गेलं कोण जाणे. आणि बॅग एवढी भरलीय की चेन लागत नाहीये. एका शॉटसाठी कोण एवढं भरतं? पण ती तशीच आहे, करायचं तर पूर्ण करायचं.

पुन्हा घ्यायला सांगावं म्हणून फोन केला, तर सकाळपासून उचलत नाही. निरोप आला, "कामात आहे, आठवडाभर गडबड आहे, मग सविस्तर बोलू. तुझे आभार." आभार कसले? मीच वैतागलोय.

५ मार्च

उपाय सापडला! रोलरवर सुचला. चादर उलटी गेली की आपण काय करतो, दुसऱ्या टोकाने सोडतो. शॉट उलटा लावला.

आता असं दिसतं: अंधारातून हात मागे सरतो. नायिका दिसते, जिना चढते, कुलूप काढते, दार उघडते, आत जाते. घरी आली! फक्त ती उलट्या पावलांनी चढते. म्हणजे तोंड आपल्याकडे आणि पाय मागे मागे. अंगणात दोरीवर ओले कपडे आहेत, त्यांचं पाणी खालून वर जातं. एक कोंबडी आहे, ती मागे मागे चालत येऊन चोचीतला दाणा जमिनीवर ठेवते.

लंबू म्हणाला, "वहिनी मागे न बघता बरोबर पायरीवर पाय टाकतात. कमाल आहे."

"सवय आहे. घर तिचंच आहे."

"आणि कोंबडी?"

"कोंबडीकडे कोण बघतंय!"

कोंबडीवर काळी पट्टी टाकली. मधे नायकाचा हसरा चेहरा घातला, चार सेकंद. मला विचाराल तर कोणाच्या बापाला कळणार नाही. आजच तिला पाठवली, पूर्ण फिल्म, बावीस मिनिटं.

६ मार्च

आज जे झालं ते लिहून टाकतो, नाहीतर फुटेन.

जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन. आवाज एकदम खाली.

"मला उलटी चालवलीस?"

"तूच चुकीचं पाठवलंस. मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त?"

"शेवटी ती घरी पाहिजे ना! नायक येतो, ती दारात. तूच लिहिलंयस."

"कुठे लिहिलंय?"

"शेवटी."

"एकोणिसाव्यात कुठे लिहिलंय, सांग मला."

 मागे ड्रायर चालू होते.

"ऐकलंच नाहीस तू," ती म्हणाली.

"राहिलं असेल. कामाला येतो मी इथे, गोष्टी ऐकायला नाही येत."

"एक मिनिटही नाही ऐकलं?"

"नाही."

"मग मी ज्याला विचारलं, आणि जो हरकत नाही म्हणाला, तो कोण होता?"

"आता एका शॉटसाठी एवढं..."

"माझं नाव काढ त्यावरून. कादंबरीचंही काढ. माझा चेहरा काढता आला तर तोही काढ. आणि फोन करू नकोस."

काढतो! फिल्म माझी आहे. कल्पना माझी, फोन लंबूचा, चादरी हॉटेलच्या. हिने काय केलं? लिहिलं. वीस वेळा फोन लावला. लागत नाही.

९ मार्च

दादाचा फोन आला. हा कधी फोन करत नाही.

"तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

"कोणाचा?"

"तुझ्या बायकोचा. आठवडा होऊन गेला तिला जाऊन. जाताना म्हणाली, तुझ्याशी बोलणं झालंय, तुझी परवानगी आहे. आम्हाला वाटलं, येईल चार दिवसांत. जिन्यासमोर फोन ठेवून शूटिंग करत होती. आम्हाला वाटलं, तुमचं ते नाटक चाललंय."

मी विचारलं, कोणत्या तारखेला गेली.

"एक तारखेला."

दादा पुढे बरंच बोलला. आपल्या घरात असं कधी झालं नाही, तुझी वहिनी राबते आणि ही लिहीत बसते, शहरात कुठल्या छापखान्यात नोकरी धरलीय म्हणे. "तू एक शब्द टाक. येईल परत. नवरा आहेस ना तू?"

मी हो म्हणालो. काय हो म्हणालो, ते मला माहीत नाही.

१० मार्च

ऐकलं.

कोऱ्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे बसून ऐकलं. एकतीस मिनिटांचं आहे. नायिका नायकाला पत्र लिहिते. छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालंय, त्याचा पत्ता दिलाय, एक खोली बघितलीय, खिडकी आहे, टेबल मावतं. तू आलास की दार तुझंच आहे, पण मी दारात उभी नसेन, मला काम असेल. मग ती कुलूप लावते आणि जिना उतरते. तिथे कादंबरी संपते.

पण आवाज संपत नाही. पान मिटल्याचं ऐकू येतं. मग ती म्हणते, "संपलं. हे मी खरंच करणार आहे. करू का? तू सांग. भांडायचं तर भांड, पण सांग."

पाठवल्याची तारीख ११ डिसेंबर. म्हणजे विचारून ती अडीच महिने थांबली. त्यातले शेवटचे तीन आठवडे मी तिला सांगत होतो, इकडे बघ, असं रड, पदर नीट कर.

मला राग आला, तो आधी लिहितो. अजून आहे. नवऱ्याला असं कादंबरीच्या शेपटाला बांधून विचारतात का? समोरासमोर विचारायचं. पण समोर मी कुठे होतो? फोनवर असायचो तेव्हा दिग्दर्शक असायचो.

दुसऱ्यांदा ऐकलं. सुपरवायझर शोधत आला, म्हणाला रोलर अडकलाय. म्हटलं, अडकू दे.

१४ मार्च

दादाचा पुन्हा फोन. "टाकलास का शब्द?"

"तिचा फोन लागत नाही. तुझ्याकडे टाकतो. तिचं टेबल छापखान्याच्या पत्त्यावर पाठव, लिहून घे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"जिन्याखाली उभं आहे. एक पाय सैल असेल तर ठोकून दे."

"त्या बाईने तुला पार गुंडाळून ठेवलंय."

"मला कोणी गुंडाळत नाही, दादा. रोज हजार चादरी मीच गुंडाळतो. टेबल पाठव."

तो ओरडला, मीही ओरडलो. लहानपणापासून त्याच्यापुढे आवाज चढवला नव्हता. 

मग फिल्म पुन्हा जोडायला घेतली. शेवटचा शॉट सरळ केला. कापलेलं चौदावं प्रकरण परत घातलं. नायकाचा हसरा चेहरा काढला. चार सेकंदांतही तो बावळट दिसत होता. भांड्यांचा सीन सलग बघितला, कापाकापी न करता. दुसऱ्या मिनिटाला ती मनगटाने गाल पुसते, हात साबणाचे असतात म्हणून. आजवर मी ते पाण्याचे शिंतोडे समजत होतो.

२० मार्च

सुपरवायझरने फिल्म आधी बघायला मागितली. बघून झाल्यावर चष्मा पुसत बसला.

"बाई घर सोडून जाते?"

"हो."

"लोक बायकामुलं घेऊन येणार. त्यांच्यासमोर हे?"

"बायकामुलांनाच दाखवायचंय."

"तुझी दुसरी एक आहे ना? त्यात ती परत येते. लंबूने दाखवली मला. ती लाव. ती मस्त आहे."

"ती उलटी आहे."

"लोकांना काय कळतंय!"

"मलाही असंच वाटायचं, साहेब."

"बघ हं. ती लावलीस तर पुढच्या महिन्यापासून तुला घडीवर टाकतो, बसून काम. ही लावलीस तर ओल्या खात्यात."

ओलं खातं म्हणजे हॉस्पिटलचं कापड मशीनमधून काढून गाड्यात भरायचं. दिवसभर गुडघ्यापर्यंत ओलं राहायचं, हात फुटतात. मी म्हटलं, बूट नऊ नंबरचे द्या, मला आठ होत नाहीत.

बाहेर येऊन लंबूला धरला. फाइल का दाखवलीस? म्हणाला, "मला खरंच ती आवडली रे. वहिनी परत येतात त्यात." 

उलटी फाइल पुसून टाकली.

२९ मार्च, रविवार

दुपारी हॉल भरला. खिडक्यांना आम्हीच घोंगड्या लावल्या. पडदा म्हणजे दोन मोठ्या चादरी जोडून, कडक इस्त्रीच्या, एक सुरकुती नाही. सुपरवायझर पहिल्या रांगेत.

पहिल्या पाटीवर तिचं नाव. तिने काढ सांगितलं होतं. नाही काढलं. हवं तर यावरही भांडेल.

मिशीवाल्या नायिकेला टाळ्या पडल्या. लंबू उठून वाकला. भांड्यांच्या सीनला पोरं कंटाळली, पण घडी खात्यातल्या बायका एकदम गप्प झाल्या. टेबल जिन्याखाली दिसलं तेव्हा त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, "आणि वर जेवायलाही बोलावलं, बघ." दुसरी म्हणाली, "श्श, बघू दे."

मग शेवट. कुलूप, बॅग, पायऱ्या, हात, अंधार. उजेड झाला. कोणी टाळी वाजवेना. मागून एकजण ओरडला, "अरे, ही तर दिग्दर्शकाची खरी बायको! बायको पळाली वाटतं!"

अर्धा हॉल हसला. सुपरवायझरने मागे वळून माझ्याकडे बघितलं, सांगितलं होतं ना, असं.

मी पुढे जाऊन पडद्यासमोर उभा राहिलो. भाषण कधी केलं नाही. 

म्हटलं, "पळाली नाही. पळालेली बाई मागे बघते. ही चालत गेलीय, दिवसाढवळ्या, कुलूप लावून. आधी मला विचारलं होतं तिने. मी ऐकलं नाही, ती चूक माझी. तुम्हाला दिसलं नसेल तर पुन्हा लावतो."

"नको, बस झालं!" सुपरवायझर म्हणाला.

"लाव रे," बायकांच्या बाजूने आवाज आला.

लंबूने विचारलं नाही, लावलं. पुन्हा ती जिना उतरली. या वेळी कोणी हसलं नाही. कोणीतरी पायऱ्या मोजल्या. चौदा. मी त्या घरात वाढलो, कधी मोजल्या नव्हत्या.

३० मार्च

ओलं खातं. बूट आठ नंबरचेच दिले.

फिल्म तिला छापखान्याच्या पत्त्यावर पाठवली, लंबूच्या फोनच्या जुन्या कार्डात भरून. बरोबर चिठ्ठी. तीन वेळा लिहिली. पहिल्या दोन माफीच्या होत्या, फाडल्या, फार गोड झाल्या होत्या. तिसरीत लिहिलं: ऐकलं. भांडायचं आहे. फोन कर.

७ एप्रिल

आज फोन आला. पाळी सुटून बूट काढत होतो.

"नायकाचं काम कोणी केलंय?" हे पहिलं वाक्य. हॅलो नाही, काही नाही.

"मी. का?"

"भिकार केलंय."

"तू लिहिलंस तसं केलं."

"मी त्याला लाजाळू लिहिलाय. तू मठ्ठ केलायस."

"लाजाळू माणूस बाहेरून मठ्ठच दिसतो. जाऊन बघ कुठेही."

"आणि माझं नाव काढ सांगितलं होतं."

"नाही काढणार."

"माझं नाव आहे ते!"

"म्हणूनच नाही काढणार."

 मग म्हणाली, "अख्ख्या फिल्मभर तो एकदाही तिला विचारत नाही, कशी आहेस. एकदाही नाही. मी मोजलं."

"पुस्तकात विचारतो?"

"पुस्तकातही नाही. तेच तर पुस्तक आहे."

मी एक बूट हातात धरून उभा होतो. विचारलं, "कशी आहेस?"

"भांडणाच्या मध्ये असलं विचारायचं नाही," ती म्हणाली. आणि मग सांगायला लागली. खोलीची खिडकी नीट लागत नाही. प्रुफं वाचून संध्याकाळी डोळ्यांसमोर मुंग्या येतात. मालक दर दोन वाक्यांनी खोकतो आणि तिसऱ्या वाक्यात चूक तिची काढतो. परवा तिने त्याला दाखवून दिलं, की चूक त्याचीच होती. शेजारीण चांगली आहे पण दारात आली की जात नाही. पहिले चार दिवस झोप लागली नाही, मग इतकी लागली की कामाला उशीर झाला. नवीन लिहायला घेतलंय, त्यात नायक ठेवायचा की नाही ते अजून ठरत नाही.

पाऊण तास. मी मध्ये एकदाही बोललो नाही, त्या मालकाला काय सुनावायला हवं होतं ते जिभेवर आलं होतं तरी. आयुष्यात एवढं जड काम मी केलेलं नाही, ओल्या खात्यात धरून.

शेवटी म्हणाली, "उद्या याच वेळी. मठ्ठ-लाजाळूचं राहिलंय अजून."

राहिलंयच. आणि त्यात मी हरणार नाही.